अठराव्या वर्षी आधार सुटतो आणि ताबा सुरू होतो

सेरेब्रल पाल्सी असलेले मूल अठरा वर्षांचे होते, तेव्हा शासनाच्या लेखी दोन गोष्टी एकदमच घडतात. पहिली म्हणजे त्याच्यासाठी असलेल्या बहुतेक सेवा संपतात. २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ ने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयोगटापुरता आहे. ज्या बालरोग विभागात मुलाची फाइल वर्षानुवर्षे जाड होत गेली, तिथे आता 'मोठ्यांच्या ओपीडीत दाखवा' असे सांगतात. दुसरी गोष्ट कायद्याच्या बाजूने घडते. आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, आणि बँकेपासून तहसील कचेरीपर्यंत कोणी ना कोणी त्यांना सांगते, की स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे अशा व्यक्तींसाठी पालक नेमणाऱ्या जिल्ह्यातील सरकारी समितीकडे, अर्ज करून तुम्ही मुलाचे कायदेशीर पालक व्हा, त्याशिवाय पुढचे काही होणार नाही.

इतर मुलांच्या बाबतीत याच वयाला ताबा सुटतो आणि घरचा, कॉलेजचा, समाजाचा आधार पुढची काही वर्षे चालूच राहतो. या मुलांच्या बाबतीत आधार सुटतो आणि ताबा नव्याने बसवला जातो. हा क्रम उलटा करायला हवा, सेवा चालू राहाव्यात आणि निर्णय त्या तरुणाच्या हाती जावेत, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे. हे म्हणणे साधे वाटले, तरी ते मान्य केल्यास दवाखाना, कर्मशाळा, बँक, जिल्हाधिकारी कार्यालय आणि आपले स्वतःचे घर या सगळ्यांच्याच सवयी बदलाव्या लागतील.

आधी शरीराविषयी बोलायला हवे, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते आणि तिचा परिणाम हालचाल, तोल व शरीराची ठेवण यांवर कायमचा राहतो, त्या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. आपल्याकडे दर हजार मुलांमागे साधारण दोन ते तीन मुलांत ती आढळते. मेंदूतली इजा वाढत नाही, हे डॉक्टर पालकांना पहिल्याच भेटीत सांगतात आणि ते खरेही आहे. पालक मात्र त्यातून असा अर्थ काढतात, की आता जे आहे ते असेच राहील. तसे होत नाही. इजा तिथेच थांबते, पण शरीर वाढत राहते. हाडे लांब होतात आणि ताठर स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत. सांधे आखडतात, खुबा हळूहळू सरकतो, पाठीचा कणा वाकतो, वजन वाढते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात दोन ते एकवीस वर्षे वयाच्या मुलामुलींवर झालेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. हालचालींच्या क्षमतेचे जे पाच स्तर (पहिला सर्वांत सौम्य, पाचवा सर्वांत तीव्र) जगभर वापरले जातात, त्यांपैकी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या स्तरातील मुलांची क्षमता सात-आठ वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि किशोरवयापासून ती घसरू लागते, असे त्यात दिसून आले. म्हणजे वॉकर घेऊन चालणाऱ्या मुलाला फिजिओथेरपीची, खुब्याच्या एक्स-रेची आणि बसण्याच्या नीट व्यवस्थेची सर्वांत जास्त गरज ज्या वर्षांत असते, नेमक्या त्याच वर्षांत आपली यंत्रणा हात काढून घेते.

ही घसरण घरात कशी उतरते, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. दहाव्या वर्षी आई मुलाला कडेवर घेऊन दोन मजले चढत असते. सोळाव्या वर्षी मुलगा पंचेचाळीस-पन्नास किलोंचा होतो आणि आईच्या कंबरेचे दुखणे सुरू होते. मग फिजिओथेरपीला नेणे आठवड्यातून तीनदाचे एकदा होते, पुढे महिन्यातून एकदा आणि पुढे बंदच. शाळा सुटल्यावर घराबाहेर पडण्याचे कारण उरत नाही. दिवसभर एकाच कुशीवर किंवा एकाच खुर्चीत गेल्याने आखडलेले गुडघे आणखी आखडतात. दोन वर्षांनी कुणी डॉक्टर पाहतात आणि म्हणतात, 'आधी का आणले नाही?' हा प्रश्न त्या आईला विचारण्यात काही अर्थ नाही, कारण कुठे आणायचे हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. सेरेब्रल पाल्सी हा आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांचा विषय मानला जातो, आणि बहुतेक जिल्ह्यांत मोठ्या माणसांच्या ओपीडीत तो कोणाचाच विषय नसतो. अस्थिरोग विभाग हाडाकडे पाहतो, मेंदूविकार विभाग फिटकडे पाहतो, आणि बावीस वर्षांच्या माणसाचे रोजचे दुखणे कोणत्या खिडकीवर न्यायचे हे केसपेपर काढणाऱ्यालाही ठाऊक नसते. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना वेदना असतात, हे लक्षात घेतले की या अनास्थेची किंमत कळते. ब्रिटनमध्ये २०१९ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांच्या उपचारांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय मार्गदर्शिका आली. मूल मोठे होते ही गोष्ट तिथल्याही वैद्यकाला उशिराच सुचली, पण सुचली.

व्हीलचेअरचा प्रश्न इथेच येतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांत 'चालणे' हे यशाचे एकमेव माप आहे. मुलगी धडपडत, घामाघूम होत, भिंतीला धरून दहा पावले टाकते तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि तीच मुलगी पंधराव्या वर्षी व्हीलचेअर मागते तेव्हा घराला ती हार वाटते. खरे तर ताठर स्नायूंनी चालताना सामान्य चालण्याच्या कितीतरी पट शक्ती खर्च होते. वर्गापर्यंत चालत पोचल्यावर तास ऐकण्याइतके त्राण उरत नसेल, तर चालण्याचा उपयोग काय? काही अंतर चालणे आणि बाकीचे चाकांवर कापणे हा शहाणपणाचा निर्णय आहे, आणि तो त्या मुलीने घ्यायचा आहे. तिचे शरीर वापरून घराने आपल्या जिद्दीची परीक्षा देऊ नये. पौगंडावस्थेतील मोठ्या शस्त्रक्रियांनाही हेच लागू होते. स्नायूबंध सोडवण्याच्या किंवा हाड सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने प्लास्टर, वेदना आणि व्यायाम सोसायचा असतो तो त्या मुलाला. ज्याला हे सोसायचे, त्याला निदान शस्त्रक्रिया कशासाठी आणि तिने काय साधणार नाही, हे त्याच्या भाषेत समजावून सांगितले गेले पाहिजे.

आता ताब्याविषयी. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी झाला. तो होण्यामागे पालकांची 'आमच्यानंतर काय?' ही काळजी होती, आणि ती काळजी शंभर टक्के खरी आहे. परंतु या एका यादीमुळे एक मोठा घोटाळा झाला. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना बौद्धिक अक्षमता नसते. त्यांचे हात-पाय ऐकत नाहीत, अनेकांची जीभही ऐकत नाही, लाळ गळते, चेहऱ्याच्या हालचालींवर ताबा राहत नाही, आणि पाहणारा एका नजरेत ठरवून टाकतो, की याला कळत नाही. माझ्या परिचयातील एक तरुण लेखनिक घेऊन बारावी उत्तीर्ण झाला आणि खाते उघडायला एका बँकेत गेला. समोरच्या अधिकाऱ्याने त्याच्याकडे न पाहता त्याच्या आईला विचारले, "याला कळतं का?" तो उत्तर देऊ लागला. त्याचे एक वाक्य पुरे व्हायला अर्धा मिनिट लागतो आणि तो अर्धा मिनिट थांबायला तिथे कुणाला सवड नव्हती. शेवटी खाते उघडले ते आईच्या नावाने. त्या दिवशी त्याला कळले, की आपली बारावी त्या काउंटरवर चालत नाही.

१९९९ च्या या कायद्याचे कलम १४ नीट वाचावे, असे मी प्रत्येक पालकाला आणि अधिकाऱ्याला सांगेन. पालक नेमण्यापूर्वी स्थानिक स्तर समितीने या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कोणत्या कामांसाठी, याचा विचार करावा, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पहिला प्रश्नच 'गरज आहे का' हा आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ही समिती असते. यांतला तिसरा सदस्य कायद्याने उगाच घातलेला नाही. तरीही व्यवहारात अर्ज येतो, कागद पाहिले जातात, प्रमाणपत्रावरची टक्केवारी पाहिली जाते आणि पालकत्व सरसकट दिले जाते, असाच बहुतेक कुटुंबांचा अनुभव आहे. टक्केवारी हात-पायांची असते आणि निर्णयाचा अधिकार मात्र त्या माणसाच्या मनाचा काढून घेतला जातो.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि त्याच्या कलम १२ ने दिव्यांग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांइतकीच पात्रता दिली. २०१६ च्या आपल्या कायद्यात कलम १३ आणि १४ त्यातूनच आली. कलम १४ मधले 'मर्यादित पालकत्व' म्हणजे ठरावीक निर्णयापुरती, ठरावीक मुदतीची आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून निर्णय घेण्याची व्यवस्था. घर विकायचे असेल तेव्हा सोबत बसून कागद समजावणारा माणूस असावा, पण आज कोणता शर्ट घालायचा, मोबाइलमध्ये काय पाहायचे, कुणाशी बोलायचे आणि कुणाला मत द्यायचे यासाठी पालकाची सही लागू नये. आपण मात्र १९९९ चा पूर्ण ताबा आणि २०१६ ची मर्यादित सोबत असे दोन परस्परविरोधी कायदे शेजारी शेजारी चालवत आहोत, आणि कोणता वापरायचा हे समोरच्या टेबलावरच्या कारकुनाच्या माहितीवर सोडून दिले आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांसाठी आधी २०१६ च्या कायद्यातली वाट तपासावी आणि पूर्ण पालकत्व हा शेवटचा पर्याय ठेवावा, असे स्पष्ट परिपत्रक राज्याला काढता येईल. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. अशा विभागाकडून निधीवाटपाइतकीच ही अपेक्षाही करायला हवी.

यावर पालक जे म्हणतात ते टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, 'तुमचे हक्क ठीक आहेत, पण उद्या भावकीतल्या कुणी त्याचा अंगठा उठवून जमीन लाटली तर?' ही भीती काल्पनिक नाही, आपल्या गावागावांत अशी उदाहरणे सापडतील. पण सगळा ताबा एका माणसाच्या हाती देणे हा या फसवणुकीवरचा उपाय कसा ठरेल? फसवणारा बऱ्याचदा घरातलाच असतो, आणि आई-वडील गेल्यावर पालकपद त्याच्याकडेच जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. नेमलेल्या पालकाने मालमत्तेची यादी आणि दरवर्षीचा हिशेब द्यावा, असे १९९९ चा कायदा सांगतोच. तो हिशेब खरोखर मागितला जावा, मुलासाठी ट्रस्ट केला असेल तर त्याच्या न्यासपत्रात एकाऐवजी दोन-तीन विश्वस्त असावेत, आणि त्या तरुणाला स्वतःच्या पैशांची माहिती लहानपणापासून असावी. आपल्या खात्यात किती रुपये आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला लुबाडणे तुलनेने अवघड जाते.

बोलणे हा या सगळ्याचा कणा आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चारांपैकी साधारण एकाला बोलता येत नाही. बोलता न येणाऱ्या मुलाला आपण स्पीच थेरपीला नेतो, उच्चार आले नाहीत की निराश होतो आणि प्रयत्न सोडतो. चित्रफलक, अक्षरफलक, नजरेने दाखवायची पाटी, फोनवरचे अॅप ही सगळी बोलण्याचीच साधने आहेत, हे फार थोड्या घरांत पोचले आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेले 'जेलो' नावाचे मोफत अॅप चित्रांवर बोट ठेवले की वाक्य बोलून दाखवते. असे साधन सहाव्या वर्षी हाती आले, तर अठराव्या वर्षी तो मुलगा समितीपुढे स्वतःचे म्हणणे मांडेल. साधन दिलेच नाही आणि मग 'त्याला सांगता येत नाही' म्हणून पालक नेमला, तर तो दोष त्याच्या मेंदूचा म्हणता येणार नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या मालिनी छिब यांचे उदाहरण सर्वांसमोर आहे. त्यांचे बोलणे अनोळखी माणसाला कळत नाही आणि एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी सेंट झेवियर्समधून पदवी घेतली, पुढे इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेतले, नोकरी केली, दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम केले. त्यांच्या मागे त्यांची आई मिठू अलूर आणि त्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत उभी केलेली संस्था होती. ही अनुकूलता किती जणांना मिळते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. म्हणूनच ही अनुकूलता सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निर्माण करायला हवी.

शिक्षण आणि नोकरीबाबत कायदा कागदावर बरा आहे. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण, परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ. परंतु नोकरीतल्या चार टक्क्यांपैकी सेरेब्रल पाल्सीच्या वाट्याला जो एक टक्का येतो, तो सर्व अस्थिव्यंग, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, अॅसिड हल्लापीडित आणि स्नायूदुर्बलता या सर्वांमध्ये मिळून आहे. एका पायात थोडा दोष असलेला उमेदवार आणि दोन्ही हात, पाय व वाचा यांत अडचण असलेला उमेदवार एकाच रांगेत उभे राहिले, तर निवड कोणाची होणार हे सांगायला नको. विशेष शाळेनंतर ज्या कर्मशाळा आहेत, तिथे मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फाइली ही हातांची कामे शिकवली जातात. ज्याचा मुख्य अडथळाच हातांत आहे आणि डोके उत्तम चालते, त्याला आपण हातांचेच काम देतो! माहितीच्या नोंदी तपासणे, ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर लिहिणे, ग्राहकांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे देणे अशी कामे घरी बसून संथ गतीनेही होतात. संथ गती मान्य करणारा मालक मात्र हवा.

बाहेर पडण्याबद्दल थोडक्यात. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना मोठी सवलत आहे, पण बसची पायरी चढताच येत नसेल तर सवलत कशाला लावायची? २०१२ साली जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या दिव्यांगांविषयीच्याच एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या असताना त्यांना विमानातून उतरवण्यात आले. तिकीट त्यांच्याकडे होते, जागेवर त्या बसल्याही होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. उतरवणाऱ्यांना त्यांच्याशी दोन वाक्ये बोलून पाहावीशी वाटली असती, तर इतक्या दूर जावे लागले नसते.

आणखी एक विषय आहे, जो पालकांच्या बैठकांत बायका कोपऱ्यात हळू आवाजात काढतात. मुलीला पाळी येते, मुलाच्या शरीरात बदल होतात, कुणी आवडू लागते. घर हे सगळे नाकारते, कारण घराच्या लेखी ते मूलच असते. आंघोळ घालताना दार उघडे राहते, सतरा वर्षांच्या मुलाचे कपडे पाहुण्यांसमोर बदलले जातात. १९९४ मध्ये शिरूरच्या संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या आणि महाराष्ट्र हादरला. तेव्हा अनेक सुशिक्षितांनी 'सोयीचे' म्हणून त्यांचे समर्थन केले होते. आजच्या कायद्यात प्रजननाविषयीची माहिती आणि संमती यांचे संरक्षण आहे. पण ज्या मुलीला स्पर्शातला फरक कधी शिकवलाच नाही, जिला 'नको' म्हणण्याचे चिन्ह तिच्या चित्रफलकावर ठेवलेच नाही, ती कायद्याचा उपयोग कसा करणार? दार लावून घेण्याचा हक्क आणि 'नको' हा शब्द या दोन गोष्टी घराला फुकटात देता येतात, आणि त्या बाराव्या वर्षापासून द्यायला हव्यात.

मग आधार कोणता चालू राहावा? माझ्या मते सर्वांत आधी मदतनिसाचा. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद करते. केरळात काळजी घेणाऱ्यांना महिना सहाशे रुपये देणारी योजना आहे. रक्कम लहान आहे, पण काळजी घेणे हे काम आहे, एवढे ती मान्य करते. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांची रक्कम २०२५ साली दीड हजारांवरून अडीच हजार झाली आणि केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन अनेक वर्षे तीनशे रुपयांवर थांबले आहे. या पैशांत शहरात मदतनीस मिळत नाही, म्हणून आई हीच आजन्म बिनपगारी मदतनीस ठरते. तिची नोकरी जाते, मग तिचे आरोग्य. आणि सतत आईच्याच हातून सगळे होत असल्यामुळे तिच्या नजरेआडचे असे स्वतंत्र आयुष्य त्या तरुणाला मिळत नाही. दिवसातले चार तास पगारी मदतनीस मिळाला, तर आई आणि मुलगा दोघेही मोकळे होतात. महापालिका आणि नगरपालिकांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो निधी सायकली व शिलाई यंत्रे वाटण्याऐवजी या चार तासांवर खर्च करून पाहावा.

आणि हे सगळे अठराव्या वाढदिवशी सुरू करून चालणार नाही. ब्रिटनमध्ये ही तयारी तेरा-चौदाव्या वर्षी सुरू व्हावी असे सांगितले आहे, अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्याने ती सोळाव्या वर्षापर्यंत लेखी स्वरूपात असावीच लागते. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथेच चौदाव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करावा, त्यासाठी एक माणूस नेमावा, केंद्राची वयोमर्यादा पंचविसापर्यंत न्यावी आणि मुलाची फाइल मोठ्यांच्या विभागातल्या डॉक्टरकडे त्या माणसाने स्वतः नेऊन द्यावी. खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधी झाला, फिटचे औषध कोणते, तो कसा बोलतो, कशाला घाबरतो, त्याला काय व्हायचे आहे, हे त्या फाइलच्या पहिल्या पानावर असावे, आणि ते पान त्याच्याबरोबर बसून, त्याला विचारून लिहिलेले असावे. आज आठवीत असलेल्या मुलीच्या हाती अठराव्या वाढदिवसापर्यंत चार-पाच वर्षे आहेत, आणि तिचे एक वाक्य पुरे व्हायला अर्धा मिनिट लागतो.